कुसाबाईचं कॅल्शियम

माझी थोरली बहीण कुसाबाई आळशी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. शेवटच्या वर्षांत लोक तिच्याबद्दल काय काय बोलायला लागले होते, ते ऐकून माझं टाळकं फिरायचं. दिंडोरीच्या पुढं त्यांची द्राक्षबाग आहे. ती लग्न होऊन गेली तेव्हा तिथं बाग नव्हती, टोमॅटो आणि गहू होता. बाग त्या नवराबायकोनं उभी केली. खड्डे खणण्यापासून तारा ओढण्यापर्यंत सगळ्यात कुसाअक्काचा हात होता. थिनिंगच्या दिवसांत, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढून टाकतात तेव्हा, दिवसभर मान वर आणि हात वर करून उभं राहावं लागतं. मी एकदा हौसेनं गेले होते. तासाभरात माझे खांदे भरून आले आणि मी चहाचं निमित्त काढून सटकले. अक्का मात्र बायकांच्या टोळीच्या पुढं. टोळीतली ठमाबाई म्हणायची, हिच्या शेजारची ओळ धरायलाच नको, ही पुढं निघून जाते आणि आपण उगाच कामचुकार दिसतो. अशी ती बाई होती.

आता दाजींबद्दल. अक्काचे मालक रंगनाथ. मी नाशिक रोडला राहते, माझ्या मिस्टरांची नोकरी रेल्वेत, त्यामुळे सुट्टी पडली की आमचा मुक्काम अक्काकडे, आणि दाजींशी माझी खडाजंगी ठरलेली. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू म्हणायची, ते खोटं नव्हतं. दाजी उलट बोलायचे नाहीत. मिशीत हसायचे आणि बागेत निघून जायचे. बागेचं त्या माणसाला वेड. वेलीची पानं तोडून त्यांचे देठ तपासायला लॅबला पाठवायचे. रिपोर्ट आला की ओट्यावर बसून, चष्मा लावून, एकेक ओळ बोट ठेवून वाचायचे. पोटॅश कमी निघालं तर पोटॅश सोडायचं, मॅग्नेशियम कमी तर मॅग्नेशियम. जे भरलेलं निघालं त्याच्यापुढं पेनानं बरोबरची खूण करायचे आणि खूश व्हायचे. घरात मात्र तहान लागली तरी हा माणूस स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या उचलणार नाही. मी म्हणायचे, दाजी, वेलीचं दुखणं तुम्हाला पानावरून कळतं, बायकोचं तोंड बघून काही कळतं का? तरी हसायचे.

अक्काचं दुखणं सुरू झालं ते गुडघ्यापासून. मग कंबर, मग पाठ, मग नेमकं कुठं दुखतंय ते तिलाही सांगता येईना. दुपारी ती खाटेवर पडायला लागली. दुपारी पडलेली अक्का मी जन्मात पाहिली नव्हती. तहान तहान करायची, रात्री उठून उठून बाहेर जायची. पोट साफ होत नव्हतं. दोनदा मूतखडा झाला, एकदा तर कळा येऊन गडाबडा लोळली. बोलता बोलता विसरायची, आणि कारण नसताना डोळ्यांना पदर लावायची. त्याच सुमाराला दीपकचं, तिच्या मुलाचं, लग्न झालं आणि पूजा घरात आली. मग काय, गावाला आयतंच कारण मिळालं. सून आली, आता सासूबाईंची नाटकं सुरू झाली. पूजा बिचारी भली पोर, तीसुद्धा ऐकून कानकोंडी व्हायची. एकदा मी अक्काचं डोकं चेपत होते, तर म्हणाली, "संधे, मी खोटं नाय बोलत गं. अंगातली हाडं काढून कोनाड्यात ठेवावी वाटत्यात." मला त्या दिवशी घरी परत येताना बसमध्ये रडू आवरेना.

गावातल्या डॉक्टरनं दुखायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, वय झालं, हाडं ठिसूळ झाली, कॅल्शियम द्या. हा एक शब्द दाजींनी उचलला. कारण तो त्यांच्या ओळखीचा होता. काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात अवकाळी आला, लोकांच्या बागांत मणी तडकून गेले आणि दाजींची बाग वाचली. त्यांनी आधीच घडांवर कॅल्शियमचे फवारे घेतलेले होते. मणी तडकला की कॅल्शियम कमी, हे त्यांना पाठ. मग बाईची हाडं दुखायला लागली म्हणजे दुसरं काय असणार?

झालं. सकाळ संध्याकाळ कॅल्शियमची गोळी. घरच्या गाईचं पेलाभर दूध. गव्हाच्या घरात नाचणीची भाकरी आली. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला की खायचा चुना गव्हाच्या दाण्याएवढा ताकात कालवून घ्या, म्हाताऱ्याची हाडं तरण्यासारखी होतात. दाजींनी चुन्याची डबी आणली. आणि हे सगळं तो माणूस स्वतःच्या हातानं करायचा बरं का! पाण्याचा तांब्या न उचलणारे दाजी रोज सकाळी काडीच्या टोकावर चुना घेऊन उजेडात धरून बघायचे, जास्त तर नाही झाला, आणि मग ताक ढवळत अक्काच्या खाटेपाशी यायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

अक्काला ते ताक मळमळायचं. मी म्हटलं, नको म्हणून सांग ना. तर ती म्हणाली, लग्नाला एवढी वर्षं झाली, आत्ता कुठं हे माझ्यासाठी काहीतरी हातानं करून आणतात, त्यांना नको कसं म्हणू? हे बोलताना ती लाजली होती. पन्नाशी उलटलेली बाई लाजली.

मध्यंतरी दिंडोरीला तपासणी शिबिर झालं, तिथं तिचं रक्त घेतलं. रिपोर्ट आला तो दाजींनीच वाचला, बोट ठेवून. साखर ठीक, रक्त जरा कमी, आणि कॅल्शियमपुढं 'जास्त' असं दाखवलेलं. दाजींना केवढा आनंद! त्यांनी त्याच्यापुढं बरोबरची खूण केली. दीपकला म्हणाले, कॅल्शियम भरलं बघ, दिलेलं लागू पडतंय, आता महिन्या दोन महिन्यांत तुझी आई उठती. देठाच्या रिपोर्टात भरलेलं म्हणजे चांगलं, मग रक्ताच्या रिपोर्टात वेगळं कसं असेल? गावातल्या डॉक्टरनं साखर तेवढी बघितली आणि कागद परत दिला. हे सगळं मला पुढं दीपकनं सांगितलं.

अक्का काही उठली नाही. उलट गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, मोरीचा उंबरा ओलांडताना पाय अडकला आणि उभ्या जागी बसावं तशी ती खाली बसली. पडली असंसुद्धा म्हणता येणार नाही. तेवढ्यानं मांडीचं हाड मोडलं. नाशिकला दवाखान्यात आणली तेव्हा मी धावत गेले. हाडांची डॉक्टर तरुण मुलगी होती. एक्स-रे लावून बराच वेळ बघत बसली, मग जुने कागद मागितले. शिबिराचा रिपोर्ट हातात आला तशी थांबली. विचारलं, यांना कॅल्शियम कोण देतंय?

"मी देतो," दाजी म्हणाले. छाती पुढं काढून म्हणाले हो. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

डॉक्टरनं परत रक्त काढलं, आणखी कसली कसली तपासणी लावली, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बसवून नीट सांगितलं. गळ्यात थायरॉइड असते, तिच्या मागच्या अंगाला चार बारक्या गाठी असतात, तुरीच्या डाळीएवढ्या. पॅराथायरॉइड. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते बघणं हे त्यांचं काम. अक्काची त्यातली एक गाठ वाढून मस्तवाल झाली होती. रक्तात भरपूर असलं तरी तिला पुरेना, म्हणून ती हाडांतलं कॅल्शियम ओढून ओढून रक्तात आणत होती. म्हणून हाडं पोकळ, म्हणून मूतखडे, म्हणून तहान आणि थकवा, आणि रडूसुद्धा त्यातलंच. औषधानं हे मुळापासून जात नाही, ती गाठ काढायची. आणि आजपासून कॅल्शियमचा कणही द्यायचा नाही.

मी म्हटलं, म्हणजे ही नाटकं करत नव्हती. डॉक्टर म्हणाली, छे हो, यांनी इतकं सोसलं कसं तेच कळत नाही. मला वाटलं, गावातल्या एकेकीला इथं आणून बसवावं. अक्का पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंदच होता म्हणायचा. आजाराला नाव मिळालं याचा इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दाजींचं मात्र तोंड उतरलं. डॉक्टरनं त्यांना दोनदा सांगितलं की काका, तुमच्यामुळे आजार झालेला नाही, तो होणारच होता, तुमच्या गोळ्यांनी थोडी भर पडली एवढंच. पण त्यांच्या डोक्यात ते शिरलंच नाही. कॉरिडॉरच्या बाकावर बसून ते आपल्या हातांकडे बघत होते. घरी गेले आणि चुन्याची डबी, गोळ्या, नाचणीचं पीठ, सगळं नेऊन उकिरड्यावर टाकलं. पूजा म्हणाली, पीठ तरी राहू द्यायचं. तर तिच्यावर ओरडले. हा माणूस कधी सुनेवर ओरडला नव्हता.

आधी मांडीत सळई बसवली. मग सलाइन लावून रक्तातलं कॅल्शियम खाली आणलं, आणि दिवाळी झाल्यावर गळ्याचं ऑपरेशन केलं. काढलेली गाठ गळ्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बाटलीत दाखवली, द्राक्षाच्या मण्याएवढी. एवढ्याशा त्या गोळ्यानं माझ्या बहिणीची सहा सात वर्षं खाल्ली. दुसऱ्या दिवशी अक्का उशीला टेकून बसली आणि मला म्हणाली, डोक्यावरची ओली गोधडी कुणीतरी काढल्यासारखं वाटतंय. मग विचारलं, बागेत थिनिंग सुरू झालं का, ठमाबाई येते का, यंदा घड कसे आहेत. ती हसलीसुद्धा. मी देवाला हात जोडले. आता माझी अक्का परत मिळाली असं मी धरूनच चालले.

सुट्टी देताना डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्यासमोर सांगितलं. हाडं आता उपाशी आहेत. गाठ गेली, आता ती रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेणार आणि रक्तात कमी पडणार. म्हणून आता उलटं करायचं, कॅल्शियमच्या गोळ्या भरपूर द्यायच्या, दिवसातून चार वेळा, एकही चुकवायची नाही. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर जादा गोळी देऊन लगेच इथं आणायचं. अक्कानं ऐकलं, मी ऐकलं. दाजींनी मान हलवली आणि गोळ्यांची पाकिटं सदऱ्याच्या खिशात ठेवली. पूजा म्हणाली, मामंजी, माझ्याकडं द्या, मी देईन. तर म्हणाले, नको, हे मीच बघणार.

मी रोज फोन करायचे. गोळ्या चालू आहेत का? दाजी म्हणायचे, चालू हायेत. खोटं नव्हते बोलत. चालू होत्या, पण निम्म्या. त्यांच्या बागेला एकदा औषधाचा डोस जास्त झाला होता आणि पानं करपून शॉक बसला होता. तेव्हापासून त्यांचा नियमच होता, शॉक बसलेल्या वेलीला पुन्हा पूर्ण डोस कधी द्यायचा नाही. निम्म्यापासून चढवत न्यायचं, वेल सावरतेय का बघायचं. आणि इथं तर त्यांच्या हिशेबानं त्यांच्याच हातानं बाईच्या अंगात विष भिनलं होतं. ते गोळी मोडायचे, अर्धी तिला द्यायचे, अर्धी खिशात टाकायचे.

मग मुंग्या आल्या. आधी बोटांना, मग ओठांभोवती. अक्कानं त्यांना सांगितलं. दाजी पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, कॅल्शियम परत चढलं. अक्का म्हणाली, अवो, मुंग्या आल्या तर गोळी द्यायची म्हणत व्हते ना? ते म्हणाले, थांब जरा, उतरू दे. आणि जी अर्धी देत होते, तीही बंद केली. पुन्हा तिनं विचारलं नाही. ताकाला नको म्हटलं नव्हतं, तसंच हे. हे मला दाजींनीच सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यात, भिंतीला डोकं टेकून.

सकाळी पूजा चहा घेऊन गेली तर अक्काचे दोन्ही हात मनगटात वाकलेले, बोटं एकमेकांना चिकटून ताठ झालेली, ती सोडवता येईनात. मग झटका आला. दीपकनं गाडीत घातली. वाटेत आणखी एक झटका आला आणि उलटी झाली. मी नाशिक रोडहून पोचले तेव्हा शिरेतून कॅल्शियम चालू होतं आणि हात सैल पडले होते. दुपारी तिनं डोळे उघडले. मला ओळखलं. श्वास मात्र घरघर करत होता, उलटी छातीत गेली होती.

गळ्याचे डॉक्टर आले. ते चिडले होते, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एवढं बजावून सांगितलं होतं, म्हणाले, गोळ्या दिल्या होत्या की नाही? दाजी पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. सदऱ्याच्या खिशातून पाकिटाची कड वर आलेली मला दिसत होती.

अक्कानंच उत्तर दिलं. दोन शब्द बोलायला तिला थांबून श्वास घ्यावा लागत होता. "ते देत व्हते... मीच न्हाय घेतल्या. लय मोठ्या व्हत्या, गिळवत नव्हत्या. ह्यांची नजर चुकवून टाकून दिल्या."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. पेशंटनं गोळ्या घेतल्या नाहीत. मी अक्काकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघून मान नकारार्थी हलवली, अगदी थोडी. गप बस, असं. आयुष्यभर माझ्या तोंडाला कुणी कुलूप घालू शकलं नव्हतं, तिनं घातलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. छातीतला संसर्ग वाढत गेला आणि तिच्या अंगात लढायला काही उरलं नव्हतं.

आमच्या भागात दशक्रियेला मंडप घालतात, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग गावातली प्रतिष्ठित माणसं माईकवर येऊन श्रद्धांजली वाहतात. गेलेल्या माणसापेक्षा बोलणाऱ्याची ओळख जास्त होते, मला त्याचा मनापासून वीट आहे. नदीकाठी माणसं पुष्कळ जमली होती. गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन बोलायला उभे राहिले. कुसाबाई कष्टाळू माउली होती म्हणाले. मग म्हणाले, पण आपल्या बायका औषधपाण्याचं ऐकत नाहीत, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या घेतल्या असत्या तर आज हा प्रसंग आला नसता. रंगनाथभाऊंनी एवढी सेवा केली, लाखो खर्च केला, पण माणूसच ऐकणारं नसेल तर काय करणार? सगळ्या बायाबापड्यांनी माना डोलावल्या. माझ्या मागं बसलेली एक जण शेजारणीला म्हणाली, पहिल्यापासून हट्टीच होती गं ती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बहिणीनं गप बसायला सांगितलं होतं म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते. तेवढ्यात दाजी उठले. टक्कल केलेलं, उघड्या अंगावर उपरणं, अनवाणी. चेअरमनच्या हातातून त्यांनी माईक घेतला. लोकांना वाटलं, आभार मानणार.

"तिनं गोळ्या टाकल्या नाय," ते म्हणाले. "गोळ्या माझ्या खिशात व्हत्या. मी दिल्या नाय. मला वाटलं जास्त व्हईल."

दीपक उठून त्यांच्याकडे गेला, बापू, बसा, म्हणाला. त्यांनी त्याला हातानं बाजूला केलं.

"डाक्टरला ती खोटं बोलली, मला बोल लागू नये म्हनून. ऐकत नव्हती असं कुनी म्हनू नका. मी चुना दिला, तिनं खाल्ला. मी गोळी बंद केली, तिनं मागितली नाय. ती समदं ऐकत व्हती. माझंच ऐकत व्हती."

दाजींचं बोलून झालं होतं, पण माईक हातातच होता, आणि तो कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. ते एकदा चेअरमनकडे, एकदा दीपककडे, एकदा नदीकडे बघत तसेच उभे राहिले. त्यांचा श्वास माईकमधून सगळ्यांना ऐकू येत होता. शेवटी मी उठले, पुढं गेले आणि तो त्यांच्या हातातून काढून घेतला.